साखर, ग्रॅम आणि ठग : इंग्रजी शब्दांच्या वाटा

पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्यात बाजार समितीच्या आवारात तूर, हरभरा, उडीद, मूग आणि सोयाबीनची पोती उतरतात. या मालाची इंग्रजी नावे शाळकरी मुले पाठ करतात आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुणही. पण इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ एवढी जोडी पाठ करून शब्द हाती लागत नाही. तो कोणत्या वाटेने इंग्रजीत आला, वाटेत त्याचा अर्थ कसा सरकला आणि त्याच्याच अर्थाचे दुसरे शब्द असताना तो का टिकला, हे कळले की शब्द आपोआप लक्षात राहतो आणि चुकीच्या जागी वापरला जात नाही. त्यासाठी उमरग्याच्या परिसरातच पुरेशी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण उसाचे. संस्कृतमधल्या 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडी, वाळूचा जाड कण. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची कला भारतात विकसित झाली आणि त्या खड्यांना हेच नाव मिळाले. हा शब्द फारसीत 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर', इटालियनमध्ये 'झुक्केरो', फ्रेंचमध्ये 'सुक्र' आणि शेवटी इंग्रजीत 'शुगर'. ही झाली जमिनीवरची वाट. दुसरी वाट समुद्राची. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगिजांनी दक्षिणेकडच्या भाषांतून हाच शब्द गुळासाठी उचलला, त्याचा 'जागरा' केला आणि त्यातून इंग्रजीत 'जॅगरी' आला. तिसरी वाट सर्वांत जुनी. प्राकृतातले 'सक्खर' हे रूप ग्रीकांनी 'साक्खारोन' म्हणून घेतले होते. 1879 मध्ये प्रयोगशाळेत एक अतिगोड पदार्थ सापडला तेव्हा त्याला याच ग्रीक-लॅटिन शब्दावरून 'सॅकरिन' म्हटले गेले. म्हणजे शुगर, जॅगरी आणि सॅकरिन हे तिन्ही इंग्रजी शब्द एकाच आजीची नातवंडे आहेत. मराठी 'साखर' आणि उमरग्याच्या पूर्वेला सीमेपलीकडे बोलले जाणारे कन्नड 'सक्करे' हेही त्याच घरातले. एकाच मुळापासून निघालेले, वेगवेगळ्या वाटांनी एकाच भाषेत शिरलेले आणि अर्थाने वेगळे झालेले असे शब्द इंग्रजीत शेकड्यांनी आहेत.

कडधान्यांच्या नावांत याच्या उलट प्रकार दिसतो. हरभरा म्हणजे बेंगॉल ग्रॅम, तूर म्हणजे रेड ग्रॅम, उडीद ब्लॅक ग्रॅम, मूग ग्रीन ग्रॅम, हुलगा हॉर्स ग्रॅम. यातला 'ग्रॅम' पोर्तुगीज भाषेतून आला. त्या भाषेत 'ग्रांव' म्हणजे दाणा, आणि त्याचे मूळ लॅटिन 'ग्रानुम'. पोर्तुगीज व्यापारी हरभऱ्याला नुसतेच दाणा म्हणत, ते भारतातल्या इंग्रजांनी उचलले आणि पुढे इतर कडधान्यांनाही लावले. पण दुकानात अर्धा किलो डाळ मागताना जो पाचशे 'ग्रॅम' म्हटला जातो तो शब्द वेगळा. तो ग्रीक 'ग्राम्मा'पासून, फ्रेंचांनी दशमान पद्धत आणली तेव्हा तयार झाला. 'ग्राम्मा' म्हणजे लिहिलेले अक्षर आणि एक लहानसे वजन. ग्रामर, टेलिग्राम, प्रोग्रॅम हे सगळे त्याचे नातेवाईक, तर ग्रेन, ग्रॅन्यूल आणि ग्रॅनाइट हे हरभऱ्याच्या ग्रॅमचे. डाळिंबाला इंग्रजीत 'पॉमग्रॅनेट' म्हणतात, तेही दाणेदार फळ या अर्थानेच. स्पेलिंग आणि उच्चार एकच असूनही मुळे दोन, असे शब्द कोशात दोन स्वतंत्र नोंदींखाली दिलेले असतात.

'पल्स' या शब्दाची तीच गोष्ट. कडधान्य या अर्थाचा पल्स लॅटिन 'पुल्स'पासून, म्हणजे भरडलेल्या धान्याच्या घट्ट पेजेपासून आलेला. डॉक्टर हाताला बोट लावून बघतात तो पल्स मात्र लॅटिन 'पुल्सुस'पासून, म्हणजे ठोक्यापासून. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही.

लॅटिन 'ग्रानुम'चे आणखी एक नाते मराठी वाचकाला विशेष वाटेल. इंग्रजीचा स्वतःचा, बाहेरून न घेतलेला शब्द 'कॉर्न' हा 'ग्रानुम'चा चुलतभाऊ आहे, आणि संस्कृतमधला 'जीर्ण' हाही त्यांच्याच कुळातला. तिघांचे मूळ झिजणे, चुरणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूकडे जाते. तिन्ही भाषांनी तो एकमेकींकडून उसना घेतलेला नाही. तो एका समाईक पूर्वज भाषेतून प्रत्येकीकडे वारशाने आला. 'कॉर्न'च्या अर्थाचा पुढचा प्रवासही शिकवणारा आहे. या शब्दाचा अर्थ कोणत्याही प्रदेशाचे मुख्य धान्य असा होता. म्हणून इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे गहू, स्कॉटलंडमध्ये ओट्स आणि अमेरिकेत मका. जुन्या इंग्रजी पुस्तकात हा शब्द आला आणि वाचकाने डोळे मिटून मका समजला, तर सगळे शेत चुकीचे उगवते.

बाकीच्या मालाची कुळकथा थोडक्यात सांगता येते. 'चिकपी' या नावातल्या 'चिक'चा कोंबडीच्या पिल्लाशी संबंध नाही. लॅटिन 'किकेर', फ्रेंच 'शीश' आणि मग इंग्रजी 'चिक' अशी ती वाट आहे. रोमन वक्ता सिसेरो याचे आडनाव याच 'किकेर'वरून आले. तुरीला 'पिजन पी' म्हणतात ते कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर तिचे दाणे कबुतरांना घालत म्हणून. 'सोया' हे मुळात बियांचे नाव नसून जपानी 'शोयू' या रश्शाचे. डच व्यापाऱ्यांनी ते युरोपात नेले आणि ज्या शेंगेपासून तो रस्सा होतो तिलाच ते नाव चिकटले. ज्वारीसाठीचा 'सॉर्गम' इटालियन 'सोर्गो'वरून आला.

वजनमापातही असाच गुंता आहे. धान्याची आणि कापसाची खंडी इंग्रजांनी 'कँडी' म्हणून स्वीकारली आणि कापसाच्या व्यापारात सुमारे 356 किलोची ही कँडी आजही चालते. मुले खातात ती कँडी वेगळी. तिचे मूळ संस्कृत 'खंड', म्हणजे तुकडा. तिथून फारसी 'कंद', अरबी 'कंदी' आणि फ्रेंचमधून इंग्रजी. उच्चाराने जवळचा वाटणारा 'कँडल' मात्र लॅटिन 'कांदेला'पासून. हाच लॅटिन शब्द ग्रीक आणि अरबी-फारसी मार्गाने मराठीत 'कंदील' होऊन आला. तेव्हा वाड्याच्या ओसरीवरचा कंदील आणि वाढदिवसाच्या केकवरची कँडल यांचे नाते खरे, आणि कँडल व कँडी यांचे नाते नुसते दिसण्याचे.

थेट मराठीतून गेलेल्या शब्दांत 'मंगूज' प्रसिद्ध आहे. तो मुंगसाचाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी प्रवासवर्णनांत दिसू लागतो. त्याचे अनेकवचन 'मंगूजेस' होते. हंसाच्या जातीच्या 'गूज'चे 'गीज' होते म्हणून मुंगसाचे 'मंगीज' करण्याचा मोह होतो, पण मुंगसाचे आणि त्या पक्ष्याचे मुळात काही जुळत नाही. 'जंगल'ही भारतातूनच गेला आणि जाताना त्याने अर्थ बदलला. संस्कृतमधला 'जांगल' म्हणजे कमी पावसाचा, विरळ झाडीचा कोरडा प्रदेश. आयुर्वेदात 'जांगल देश' हा पाणथळ 'आनूप' देशाच्या विरुद्ध टोकाला ठेवला आहे. त्या मूळ अर्थाने बालाघाटच्या पठारावरचा हा सगळा मुलूख जांगल ठरेल. देशी भाषांत तो आधी पडीक, झाडोरा माजलेली जमीन झाला आणि इंग्रजीत थेट घनदाट, ओले अरण्य.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण मराठीतल्या लोकप्रिय लेखनात तो वारंवार पुसला जातो. 'मदर' हा शब्द 'मातृ'वरून आला, 'ब्रदर' 'भ्रातृ'वरून आणि 'नेम' 'नाम'वरून आला, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. शुगर हा शब्द इंग्रजीने बाहेरून घेतला, मदर मात्र तिच्या घरचाच आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे 2 फेब्रुवारी 1786 रोजी विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या उगमापासून निघाल्या असाव्यात, हा विचार मांडला. पुढच्या शतकात त्याचे शास्त्र झाले. त्यानुसार मदर आणि मातृ या बहिणी आहेत, आई आणि मुलगी नव्हेत. हे सिद्ध होते ते ध्वनींच्या नियमित बदलांवरून. जिथे संस्कृतात शब्दारंभी 'प' असतो तिथे इंग्रजीत 'फ' येतो : पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. एका जोडीचे साम्य योगायोग असू शकते, पण रांगेने जुळणाऱ्या जोड्या तशा नसतात.

आणि योगायोगही असतात. मराठवाड्यात बदनाम, बदमाश, बदफैली हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. त्यातला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळपास सारखा आणि अर्थही तोच. तरीही जुन्या रूपांचा मागोवा घेतला तर दोघांची वाट कुठेच मिळत नाही. शब्दांच्या जगात सर्वांत जास्त फसवणूक अशा सारखेपणानेच होते.

फसवणुकीवरून उमरग्याच्या शेजारच्याच एका शब्दाकडे वळता येते. उमरग्याहून सोलापूरकडे जाताना त्याच महामार्गावर नळदुर्ग लागते. 1853 च्या तहाने निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, त्यात नळदुर्गचा जिल्हा होता आणि तिथे अधिकारी म्हणून आले फिलिप मेडोज टेलर. ते 1857 पर्यंत तिथे होते. त्यांच्या 'तारा' या 1863 च्या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे. पण त्यांचे नाव जगभर झाले ते त्याआधी, 1839 मध्ये आलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ थग' या कादंबरीने. हा शब्द इंग्रजीत त्यापूर्वी आलेला होता. विल्यम स्लीमन यांनी तर 1836 मध्ये 'रामसियाना' या नावाने ठगांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला होता. तरी सामान्य इंग्रजी वाचकाच्या तोंडी तो बसवण्यात टेलर यांच्या कादंबरीचा वाटा मोठा आहे.

'ठग'चे मूळ संस्कृत 'स्थग्' या धातूत, म्हणजे झाकणे, लपवणे यात आहे. मराठीत त्यावरून ठक, ठकवणे, ठकबाजी हे शब्द आहेत आणि 'ठकास महाठक' ही म्हण. मराठीतला ठक बुद्धीने लुबाडतो. वाटसरूंशी मैत्री करून त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांमुळे इंग्रजीत गेलेल्या शब्दाला खुनाचा वास लागला. पुढे त्यातली फसवणूक गळून पडली आणि नुसती दांडगाई उरली. आजचा 'थग' हा गुंड आहे. त्याच्याकडे हुशारी असलीच पाहिजे असे नाही. उच्चारही बदलला. इंग्रजीत 'ठ' नाही, म्हणून तो 'टी' आणि 'एच' या अक्षरांनी लिहिला गेला आणि वाचणाऱ्यांनी त्याचा 'थ' केला.

म्हणून मराठी 'ठक' या अर्थी इंग्रजीत 'थग' लिहिणे चूक आहे. तिथे चीट, स्विंडलर किंवा क्रुक हवा, आणि या तिघांतही भेद आहे. 'चीट'चे मूळ 'एस्चीट' या कायद्याच्या शब्दात आहे. वारस नसलेली मालमत्ता राजाकडे जमा होणे म्हणजे एस्चीट. ती जमा करणारे अधिकारी लोकांना नाडत, त्यावरून 'चीट'ला फसवण्याचा अर्थ आला. आज तो परीक्षेतल्या कॉपीपासून संसारातल्या बेइमानीपर्यंत कुठेही चालतो. 'स्विंडलर' जर्मनमधून आला. तिथे 'श्विंडलर' म्हणजे ज्याला भोवळ आली आहे असा, हवेत इमले बांधणारा माणूस. त्यामुळे इंग्रजीतही स्विंडलर मुख्यतः पैशांचे मोठे आमिष दाखवून लुबाडतो. 'क्रुक' म्हणजे आकडा, वाकडी काठी. वाकड्या वाटेने जाणारा, सवयीचा गुन्हेगार. कोशात हे तिन्ही शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असले तरी एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत बसत नाही.

इंग्रजीत समानार्थी शब्द इतके का, याचे उत्तर इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबार आणि न्यायालय फ्रेंच बोलू लागले, चर्च आणि विद्येची भाषा लॅटिन राहिली, आणि शेतात, स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी टिकली. तीन थरांचे शब्द एकाच भाषेत जमा झाले. विचारणे यासाठी घरचा 'आस्क', फ्रेंच थरातला 'क्वेश्चन' आणि लॅटिनमधला 'इंटरोगेट'. भीतीसाठी 'फिअर', 'टेरर' आणि 'ट्रेपिडेशन'. राजाचा या अर्थी 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल'. पहिला शब्द जवळचा आणि साधा, दुसरा रुबाबाचा, तिसरा पुस्तकी. आई मुलाला 'आस्क' करते, पोलीस आरोपीला 'इंटरोगेट' करतात.

उमरग्याच्या माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण त्याची मराठी अशाच थरांची आहे. उमरगा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी कामकाज आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले. उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू असावे म्हणून 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. पूजापाठ आणि शास्त्र संस्कृतात, घर-शिवार मराठीत. त्यामुळे एकाच वस्तूसाठी तीन शब्द आहेत : भुई, भूमी आणि जमीन. भुईमुगाला कोणी 'जमीनमूग' म्हणत नाही, भूमिपूजनाला 'भुईपूजन' म्हणत नाही आणि खासऱ्याच्या कागदावर जमीनच नोंदली जाते. अर्थ एक, पण प्रत्येकाची बैठक वेगळी. ज्याला हा भेद मराठीत न शिकवता कळतो, त्याला आस्क आणि इंटरोगेट यांतला भेदही कळू शकतो. फक्त तो तसा दाखवला जात नाही, नुसती यादी दिली जाते, ही खरी अडचण आहे.

दोन थर शेजारी आले की ते जोडीने बोलले जातात, हेही दोन्हीकडे घडले. इंग्रजी कायद्यातल्या 'विल अँड टेस्टमेंट'मध्ये पहिला शब्द इंग्रजी आणि दुसरा लॅटिन कुळातला. 'गुड्स अँड चॅटल्स'मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच. मराठीतले कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत हे शब्द नेमके असेच घडले आहेत. एक अंग अरबी-फारसीचे, दुसरे इकडचे. दोन्ही भाषकांना कळावे म्हणून झालेली ही सोय पुढे भाषेची लकब बनली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर यांच्या परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्या दिवसांत इंग्रजीतले अनेक शब्द या भागातल्या घराघरांत पोहोचले आणि त्यांच्यातही तेच थर दिसतात. 'अर्थक्वेक' हा शब्द इंग्रजीच्या घरचाच, धरणी आणि थरथर यांचा साधा जोड. 'भूकंप'ची घडणही हुबेहूब तशीच. 'ट्रेमर' लॅटिनमधला, थरथरणे या अर्थाच्या धातूपासूनचा. तो लहान हादऱ्याला वापरतात आणि हाताच्या कंपालाही. 'सायस्मिक', 'सायस्मोग्राफ' हे ग्रीक 'साइस्मोस' म्हणजे हादरा यावरून शास्त्रज्ञांनी घडवलेले. 'एपिसेंटर'ही ग्रीक : 'एपि' म्हणजे वर. जमिनीच्या पोटात जिथे खडक फुटतो त्या जागेच्या बरोबर वरचा, भूपृष्ठावरचा बिंदू म्हणजे एपिसेंटर. पोटातल्या जागेला 'फोकस' म्हणतात, आणि लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. 'रिश्टर' हे तर माणसाचे नाव. चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये ते मोजमाप मांडले. वर्तमानपत्राने ट्रेमर आणि अर्थक्वेक एकमेकांऐवजी वापरले तर वाचकाचा हानीविषयीचा अंदाजच चुकतो. समानार्थी शब्दांतला भेद हा असा जिवाशी येतो.

खोट्या व्युत्पत्तींची दखलही घेतली पाहिजे. 'न्यूज' हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ या चार दिशांच्या आद्याक्षरांवरून बनला, असे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापलेले असते. वस्तुतः तो 'न्यू'चे अनेकवचन आहे, नव्या गोष्टी या अर्थाचे, आणि चौदाव्या शतकापासून वापरात आहे. 'मिलेट' हा लॅटिन 'मिले' म्हणजे हजार यावरून आला ही समजूतही तशीच. त्याचे मूळ 'मिलियुम' हे धान्याचे स्वतंत्र नाव आहे. आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याहून जुन्या शब्दाची अशी फोड कोणी दिली तर ती बहुधा रचलेली असते.

खरी माहिती मिळते ती ऐतिहासिक कोशांत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम 1928 मध्ये पुरे झाले. प्रत्येक शब्द छापील मजकुरात प्रथम कधी आला आणि कोणता अर्थ कोणत्या काळी होता, हे त्यात उताऱ्यांसह दिलेले असते. भारतातून गेलेल्या शब्दांसाठी हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन' आहे. मराठीच्या बाजूने मोल्सवर्थचा 1831 चा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याची 1857 ची वाढवलेली आवृत्ती आजही उपयोगी पडते.

समानार्थी शब्दांचा संग्रह म्हणजे 'थेसॉरस'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खजिना; इंग्रजी 'ट्रेझर' हे त्याच शब्दाचे फ्रेंचमधून आलेले रूप. पीटर मार्क रॉजे यांचा थेसॉरस 1852 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, कल्पनांच्या गटांनी लावलेले आहेत. या पद्धतीचे आपल्याला माहीत असलेले सर्वांत जुने पुस्तक म्हणून रॉजे यांनी प्रस्तावनेच्या तळटीपेत अमरसिंहाच्या अमरकोशाचे नाव दिले आहे. कोलब्रुक यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1808 मध्ये सेरामपूरला छापले गेले होते. दोन्ही ग्रंथ एका कल्पनेभोवतीचे शब्द समोर ठेवतात, पण त्यांतला नेमका कोणता निवडावा हे सांगत नाहीत. त्यासाठी अर्थ, उगम आणि वापराचे उतारे देणारा कोश शेजारी उघडा ठेवावा लागतो.